वशिंडामागचा ठिपका

२ मे, शुक्रवार

बैल तिसऱ्यांदा परत आला.

पुण्याच्या ॲनिमेशन स्टुडिओतल्या मेघना मॅडम चिडून बोलत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. शांतपणे म्हणाल्या, उभा असला की देखणा दिसतो, चालवला की खांद्यापाशी चुरगळतो. क्वाडची, म्हणजे चौकोनांची, रांग मध्येच तुटते तुमची. २८ पर्यंत चौथा द्या. जमला तर काम पक्कं, तेही घरी बसून. नाही जमला तर... पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुपारी शाळेतून मोठ्या बाईंचा फोन. गणिताची जागा अजून भरलेली नाही, २९ ला सकाळी हो म्हटलंस तर तुझीच.

म्हणजे हातात एक बैल आणि सव्वीस दिवस. नऊ वर्षं पोरांकडून चौकोनाचे गुणधर्म पाठ करून घेतले, आता चौकोन सूड घेतायत.

४ मे, रवि.

आप्पा, माझे वडील, वर माझ्या खोलीत येत नाहीत. मी शाळा सोडली त्याला वर्ष होईल. तेव्हापासून माझ्या कामाचं नाव "ते". तुझं ते झालं का. ते चालू असलं तर मोटार लावत नाही, लाईट जाईल. आज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून विचारलं, नेमकं करतेस काय.

सांगितलं ते असं. आधी एक डबा घ्यायचा. डब्याच्या अंगावर उभ्या-आडव्या रेघा पाडून चौकोन करायचे. खालचा चौकोन धरून ओढला की पाय, पुढचे ओढले की मान. या ओढण्याला एक्स्ट्रूड म्हणतात. शेवटी कॉम्प्युटर एका चौकोनाचे चार, चाराचे सोळा करत जातो आणि डब्याचा गुळगुळीत बैल होतो. ते सबडिव्हिजन. मध्ये कुठे त्रिकोण राहिला की तिथे कातडीला चुणी.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, बैल कुणाचा.

कुणाचा नाही, डोक्यातनं करते, म्हटलं. खोटं बोलले. तो पाखऱ्या आहे. मी दहा वर्षांची असताना आमच्या गोठ्यात होता, करड्या झाकेच्या कोशा रंगाचा खिल्लार. आप्पांनी विकला तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही, म्हणून मीही काढलं नाही.

७ मे, बुध.

डोकं थंड ठेवून लिहिते, म्हणजे परत तेच करणार नाही.

सपाट जाळीत, म्हणजे रेघा-चौकोनांच्या विणीत, प्रत्येक बिंदूपाशी चार रेघा भेटतात. चौकोन बाहेर ओढला की त्याच्या बुडाच्या चारही कोपऱ्यांवर पाच-पाच होतात. ही चूक नव्हे, असंच होतं, टळत नाही. पाच रेघांचा बिंदू गुळगुळीत होताना जरा ओढ धरतो. बरगडीवर असला तर कुणाला पत्ता लागत नाही. सांध्यावर असला तर चालताना तिथेच घडी.

वशिंड मी थेट वर ओढलं. त्यामुळे मागचे दोन्ही पाच-रेघी कोपरे खांद्याच्या हालचालीवर आले. आधी आत एक कडं पाडून मग ओढलं असतं तर ते बाहेर, बरगडीकडे सरकले असते. हे मला पहिल्या बैलाच्या वेळीही माहीत होतं. घाई, दुसरं काय. पोरांच्या वह्यांवर लाल शाईने "घाई नको" लिहून लिहून माझी स्वतःची सगळी सावकाशी संपली बहुतेक.

वशिंड, मान, खांदा काढून टाकले. पुन्हा डब्यापासून.

१० मे, शनि. कोगनोळी

आक्काकडे आले. सुरेखाक्का, माझी थोरली बहीण. तिच्या दिरांकडे अजून जोडी आहे. आमच्या बेळगुंदीत आता ट्रॅक्टर हाक मारली की येतो, बैल शोधावा लागतो.

दिरांनी डावा बैल वाटेवरून पाच वेळा चालवून दाखवला. शेजारची माणसं जमली. ही बाई बैलाच्या तोंडाचा फोटो काढत नाही, नुसता खांद्याचा व्हिडिओ घेते, हे कुणाला पटेना. एकाने विचारलं, विम्याच्या हापिसातनं आला काय. मी व्हय म्हणून टाकलं, सोपं पडलं.

नवीन कळलं ते हे: पाय पुढे पडतो तेव्हा वशिंड उलट्या बाजूला कलतं आणि कातडी एका तिरक्या पट्ट्यात सरकते, वशिंडाच्या मागून थेट कोपरापर्यंत. माझ्या रेघा तिथे उभ्या आहेत, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. त्या या पट्ट्याच्या वाटेने गेल्या पाहिजेत.

जेवताना आक्का बोललीच. "बैलाचा नाद आप्पांनी सोडला, आनि तू धरलास व्हय गं? बाई जागा राखून बसल्यात, पाया पड आनि जा." म्हटलं, २८ पर्यंत थांब. तिने ताटात पापड वाढला. आक्काचा पापड म्हणजे होकार नव्हे, नुसता पापड.

१३ मे, मंगळ.

पट्टा जमला. रेघा वशिंडामागून कोपराकडे वाहतात. त्रिकोण एकही नाही, तीनदा मोजले. तपासायला कच्चा सांगाडा घातला. चालवला. खांदा सरकतो, मोडत नाही. एकटीच हसले.

मग वशिंडाच्या मागे डाव्या अंगाला एक चुणी दिसली. रुपयाएवढी. पाखऱ्याचं वशिंड डावीकडे झुकलेलं होतं, म्हणून दोन्ही बाजू मी वेगवेगळ्या केल्यात. उजवीकडे काही नाही. डावीकडे आहे.

१५ मे, गुरु.

चुणी जात नाही. जाळीच्या तारा उघड्या करून पाहिल्या, सगळे चौकोन जिथल्या तिथे. तिथले बिंदू एकदम धरून खाली दाबले, वर उचलले, बाजूला ओढले. चुणी तिथेच. वळीव येऊन गेला, तीन तास लाईट नव्हती. अंधारातही मला ती दिसत होती.

१६ मे, शुक्र.

आज जे केलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

पाखऱ्याच्या अंगावर त्याच जागी काहीतरी तांबडं होतं असं मला अंधुक आठवतं. वशिंडाच्या मागे, डावीकडे. तर मी तिथे तांबूस-काळा डाग रंगवला, तळहाताएवढा. गडद रंगात चुणी बुडाली. चालवला, काही दिसत नाही. डाग असलेला बैल उलट जास्त खरा वाटतो.

जाळी आणि व्हिडिओ मेघना मॅडमना (मे.मॅ.) पाठवला. चुणीबद्दल अक्षर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१९ मे, सोम.

पास.

मे.मॅ. म्हणाल्या, तो डाग काय सुंदर सुचला तुम्हाला. रफीकने हाडं घालायला सुरुवातसुद्धा केलीय. रफीक म्हणजे जो जाळीच्या आत पक्का सांगाडा बसवून बैल चालता करतो तो. आठेक दिवसांचं काम, मग कागदावर सही.

शेवयांची खीर केली. आप्पांना सांगितलं, काम लागलं. त्यांनी दुसरी वाटी मागून घेतली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच. मला मात्र खीर गोड लागेना. वेलची कमी पडली असेल.

२० मे, मंगळ.

सकाळी आप्पा जिना चढून वर आले. वर्षात पहिल्यांदा. दाखव म्हणाले.

खुर्ची दिली, बसले नाहीत. बाजारात उभे राहायचे तसे चार पावलं लांब उभे राहिले, हात मागे. चालव म्हणाले. फिरव म्हणाले. मागनं दाखव. मी दाखवत गेले. मला वाटलं, आता म्हणतील खूर चुकले.

"पाखऱ्या हाय ह्यो," म्हणाले.

मी मान डोलावली. मग ते पुढे आले आणि काचेवर बोट ठेवलं, नेमकं डागावर. "हितं काय झाकलंस?"

म्हटलं, डाग आहे, होता ना त्याला, मला आठवतोय.

"त्याला डाग न्हवता. ठसा हुता, बेंदराचा. मीच मारलता." आणि मग हळूच, "झाकायची जागा मला कळती गं."

खाली निघून गेले. दुपारी जेवले नाहीत. मीही नाही.

२१ मे, बुध.

संध्याकाळी ओसरीवर स्वतःच बोलायला लागले. माझ्याकडे न बघता. जसं कळलं तसं लिहिते.

पाखऱ्या घरात आला त्याच साली आई आजारी पडली. गावातल्या एका जाणत्याने बैलाच्या अंगावरून हात फिरवला आणि वशिंडामागे डाव्या अंगाला भोवरा दाखवला. केसांचा, उलट फिरलेला. म्हणाला, हा घरच्या बाईला बाधतो. आप्पांना तो भोवरा पहिल्या दिवसापासून माहीत होता, त्यांचा असल्या गोष्टीवर विश्वास नव्हता. पण आई अंथरुणातून उठेना. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, सगळ्या बैलांच्या अंगावर रंगाचे ठसे उठवतात, पेल्याच्या कडेने, हाताच्या पंज्याने. आप्पांनी भोवऱ्यावरचे केस कातरले, त्यावर हुरमुंजाच्या तांबड्या रंगाचा ठसा मारला आणि तिसऱ्या दिवशी पाखऱ्याला बाजारात नेलं.

घेणारा सदलग्याचा होता. वयस्कर. दात बघितले, पाय उचलून बघितले, चालवून बघितला. अंगावरून हात फिरवायला गेला आणि थांबला. म्हणाला, तुमचा बैल, त्यात काय बघायचं.

"तवा सांगाय पायजे हुतं," आप्पा म्हणाले. "तोंडापातूर आलतं."

बैल गेला. दोन महिन्यांत आई गेलीच.

एकवीस वर्षं माझ्या मनात आप्पांवर राग होता. पाखऱ्याला विकलं म्हणून. आज तो राग ठेवायला जागाच सापडली नाही. ते भोवऱ्याला भ्यायले नव्हते, आईला असं जाऊ देववत नव्हतं म्हणून जे हाताला लागेल ते करत होते. मला हे कुणीच कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

मग विचारलं, सदलग्याला परत गेला नाहीत? म्हणाले, सदलगा काय लांब हुतं? न्हाय गेलो.

२२ मे, गुरु.

डाग पुसून टाकला. चुणी तशीच.

आज रेघा नुसत्या बघितल्या नाहीत, एकेक बिंदू उचलून बाजूला नेला. वशिंडाच्या डाव्या बुडाचा बिंदू उचलला आणि खाली त्याच जागी दुसरा बिंदू सापडला. तसाच. त्याच्या शेजारी पुन्हा तसाच.

कळलं. ११ ला रात्रीच्या बसने कोगनोळीहून आले, डोळे मिटत होते, तरी बसले. एक रांग ओढायला घेतली, नको वाटलं, रद्द केलं. पण एक्स्ट्रूड रद्द केलं की फक्त ओढणं रद्द होतं. नवे बिंदू जन्माला आलेले असतात, ते जुन्यांच्या अंगावर बसून राहतात. वरून बघितलं तर एकच रेघ. चौकोन मोजले तरी नजरेला फसवतात. गुळगुळीत करताना मात्र कॉम्प्युटर दोघांनाही मोजतो.

नवशिकी पोरं करतात ही चूक. एकमेकांवरचे बिंदू जुळवून एक करायची सोय आहे, अर्ध्या क्षणात होतं. बारा बिंदू गेले. चुणी जवळजवळ सपाट.

तेरा तारखेपासून मी जिच्याशी भांडत होते ती ही. हसावं की कपाळ बडवावं.

२४ मे, शनि.

"जवळजवळ" पुरत नाही. मान पूर्ण वळवून बघायची तर डावा पाच-रेघी कोपरा अजून सांध्याच्या कडेवर आहे. वशिंड झुकलेलं असल्यामुळे डावीकडचं कडं अरुंद पडलंय.

आप्पा आता रोज वर येतात. खुर्चीतही बसतात. त्यांना पाच रेघांचे बिंदू लाल करून दाखवले. लगेच म्हणाले, हे भोवरं की. मी म्हटलं, तसंच समजा. हे एकदम काढून टाकता येत नाहीत का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, पाय, मान, वशिंड ओढून काढायचं तर ते येणारच, कुठे ठेवायचे एवढंच आपल्या हातात. मग मीही मास्तरकी केली. भोवऱ्याने आई गेली हे तुम्हाला अजून खरं वाटतं का, विचारलं.

"भोवरा न्हाय असा बैल म्या बघितला न्हाय," म्हणाले. "समद्यांस्नी कुठं ना कुठं असतोयच."

हे उत्तर होतं की नव्हतं, ठाऊक नाही. मी पुढे ताणलं नाही.

कडं रुंद केलं. दोन रांगा मागून वळवून आणल्या. कोपरा दोन बोटं मागे, तिसऱ्या बरगडीवर गेला. तिथे काही हलत नाही.

२५ मे, रवि.

नवी जाळी तयार. खरोखर स्वच्छ. आणि आता अडचण.

मे.मॅ.ना जुनीच पसंत आहे. रफीक सहा दिवस तिच्यातच हाडं घालतोय. नवीन दिली तर बिंदूंचे क्रमांक बदलतात, त्याचं काम बहुतेक पहिल्यापासून. गप्प बसले तर परवा सही. चुणी डागाखाली आहे, सरळ चालणाऱ्या बैलात कुणाला दिसणार नाही. मान वळवेल त्या दिवशी दिसेल, आणि तोवर दोष रफीकच्या हाडांवर जाईल.

आक्काला फोन केला. ती म्हणाली, हात दाखवून अवलक्षण कशाला. सही होऊ दे, मग हळूच सांग. तिचं चुकत नाही. माझ्या जागी ती असती तर मीही तिला हेच सांगितलं असतं.

आप्पांना विचारलं नाही. त्यांनी एकदा सांगितलंय, पुन्हा सांगायला लावणं बरं नव्हे.

२६ मे, सोम.

पाठवलं. चार ओळी लिहायला दुपार गेली.

लिहिलं: १६ ला दिलेल्या बैलाच्या वशिंडामागे दोष होता, तो मला माहीत होता. डाग सुचलेला नाही, झाकायला रंगवलेला आहे. दोष आता सापडला, नवी जाळी सोबत जोडली आहे. रफीक यांचं काम माझ्यामुळे वाया गेलं, त्यात त्यांची काही चूक नाही.

"क्षमस्व" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

खाली येऊन आप्पांना सांगितलं. म्हणाले, जेवून घे.

२७ मे, मंगळ.

मे.मॅ.नी निरोप वाचलाय. निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.

मागच्या रानात पावसाआधीची धूळवाफेची पेरणी सुरू झाली. दिवसभर ट्रॅक्टरचा आवाज, आणि मी प्रत्येक आवाजाला फोन समजून उठते.

एकदा वाटलं, आपण शहाणपणा केला. दहा मिनिटांनी वाटलं, मूर्खपणा. संध्याकाळपर्यंत हेच, आलटून पालटून. भीती वाटते, हे सरळ लिहिते. शाळेत परत जायची भीती नाही, शाळा वाईट नाही. पण मला हे काम आवडतं, आणि आवडणारं हातचं जातं तेव्हा कसं होतं ते ठाऊक आहे.

२८ मे, बुध.

पाच वाजले. फोन खाली स्वयंपाकघरात ठेवलाय. बघत बसायचं नाही म्हणून.

मोठ्या बाईंना उद्या सकाळी सांगायचंय.

आप्पा चहा घेऊन वर आले, दोन कप. विचारलं, बाई न्हाय म्हणाली तर? तर शाळा, म्हटलं. त्यांनी मान हलवली. व्हय म्हणाली तर काय, हे नाही विचारलं.

चालव म्हणाले. चालवला. डाग नसलेला, नुसता कोशा. मी खांदा बघत होते, ते सगळा बैल बघत होते. तिसऱ्या फेरीला म्हणाले, खांदा बरा झाला. मला शाळेत आदर्श शिक्षिका म्हणून शाल मिळाली होती, तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग कप खाली ठेवला.

"न्हेताना त्यानं मागं वळून बघितलं न्हाय. सदलग्याची गाडी वळणापातूर गेली, मी हुभाच." पडद्याकडे बोट करून विचारलं, "ह्याला वळवता येतंय?"

येतं, म्हटलं. मान पूर्ण वळवून मी अजून पाहिली नव्हती. मुद्दामच टाळलं होतं. जाळी तिथे उघडी पडली असती तर पाठवलेल्या चार ओळींनाही काही अर्थ राहिला नसता.

मान धरली आणि हळूहळू डावीकडे आणली. वशिंड कललं. मागची कातडी पट्ट्यातून सरकली, बरगडीपर्यंत गेली, कुठे घडी नाही. तोंड आमच्याकडे झालं. डोळे मी अजून नीट केलेले नाहीत, नुसते काळे गोळे आहेत. तरी तो बघत होता.

मी बंद करायला हात पुढे केला. आप्पांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बघू दे त्याला."